बरणीतला दिवा

दोन दिवस बाबांकडे राहून लेक परतली, ती हातात जॅमची रिकामी बरणी घेऊनच. बरणीवर रंगीत कागदाचे वेडेवाकडे मासे चिकटवलेले आणि आत बॅटरीवरचा इवलासा दिवा.

"मी आणि काकूने मिळून केलाय," ती म्हणाली. काकू म्हणजे बाबांची नवी बायको.

आईच्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांचे कपडे शिवता शिवता तिला लेकीबरोबर साधा कागद कापत बसायलाही सवड मिळाली नव्हती.

"मग तिकडेच ठेवायचास ना, तुझ्या उशाशी," ती तुटकपणे म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच आहे तो. मी घरात नसले की तुला झोप लागत नाही, हे काकूला सांगितलं, तर तीच उठून बरणी धुवायला लागली."