बशीतले तांदूळ

डॉक्टर पोतनीसांनी काचेच्या बशीचं झाकण उचललं आणि कपाळावर हात मारला. बशीत चिमूटभर तांदूळ होते आणि वर गुळाचा खडा.

"धोंडूबाई, हे कुणी घातलं?"

"मीच की." धोंडूबाईच्या कडेवर दहा महिन्यांची नात होती, चंदा. ती डॉक्टरांच्या चष्म्याकडे टक लावून बघत होती. "दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत द्यायचं? आमच्यात नाय तशी रीत."

आता रीतच ती, तिला दोष तरी काय द्यायचा! पण डॉक्टर वैतागले. बटाट्याचं पाणी आणि चायना ग्रास शिजवून त्यांनी स्वतः जेलीसारखी गोठणारी खळ बशीत ओतली होती. बजावलंही होतं: सून निजते त्या खोलीत भिंतीपाशी तासभर उघडी ठेवा, मग झाका आणि पाचव्या दिवशी आणा. खोलीच्या हवेत जे काही असेल ते या खळीवर उगवून दिसणार होतं.

सून, हौसा, दाराबाहेर उभी होती. तोंडावर पदर. श्रावणात तिला खोकला झाला, घरानं क्षय म्हणून ठरवून टाकलं आणि लेक तिच्याकडून काढून घेतली. दोन महिने ती भाताच्या कणगीमागच्या काळोख्या खोलीत एकटी निजत होती आणि खोकला वाढतच होता. थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत असा मुंबईहून कागद आला, एकदा सोडून दोनदा आला. धोंडूबाई कागदाला बधली नाही. "मंग ती खोकते का?" एवढंच तिचं म्हणणं. त्याचं उत्तर ही बशी देणार होती.

"सगळं फुकट गेलं," डॉक्टर म्हणाले. "खाली बुरशी दिसतेय, पण ती खोलीतली की तांदळाची, कसं सांगू मी? आता पुन्हा पाच दिवस."

हौसानं चौकट धरली. आणखी पाच दिवस! लेक आताच तिला ओळखेनाशी झाली होती.

"दागदरसाहेब," ती पदराआडून म्हणाली, "आत्याबाईंनी तांदूळ आज घातलं. निघताना. मी बघितलं."

डॉक्टर थांबले. "आज?"

"आजच तर," धोंडूबाई म्हणाली. "पाच दिस आधी घालून काय मुंग्यांना जेवाण घालू?"

डॉक्टरांनी बशी खिडकीपाशी नेली. तांदूळ पांढरेशुभ्र, कोरडे. गूळही ताजा. आणि त्यांच्याखाली सगळी खळ काळपट हिरव्या लवीनं गच्च भरलेली. डॉक्टर एवढ्या मोठ्यानं हसले की चंदा दचकली.

त्यांनी कडेची थोडी लव काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि धोंडूबाईला वाकून बघायला लावलं. तिनं आधी नको तोच डोळा मिटला. मग दुसरा मिटला आणि तिला दिसलं: बारीक फांद्या, आणि टोकाला मण्यांच्या माळा.

"ही तुमच्या ओल्या भिंतीवरची बुरशी," डॉक्टर म्हणाले. "रोज रात्रभर हौसाच्या छातीत जाते, म्हणून ती खोकते. तिला ओटीवर निजवा. भिंत खरवडून चुना लावा. तिच्यापासून कुणाला काही होणार नाही, पोरीलाही नाही."

धोंडूबाईनं बराच वेळ डोळा काढला नाही.

"मीच घातली तिला तिथं," ती म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग ती दाराकडे गेली. हौसा सवयीनं दोन पावलं मागे सरली.

"सरू नको गो," धोंडूबाई म्हणाली. "कुणाचं भांडं रिकामं नाय धाडलं मी कधी. आन् घरात तुझेच हात..." तिनं चंदाला कडेवरून काढलं आणि हौसाच्या हातांत दिलं.

हौसानं लेक घेतली, पण तोंड बाजूलाच वळवलेलं.

"तोंड नको फिरवू. बघू दे तिला."

हौसानं पदर खाली केला. चंदा तिच्याकडे बघत राहिली. खालचा ओठ जरासा थरथरला. मग तिनं हात पुढे केला आणि आईचं नाक मुठीत घट्ट धरलं.