मानाचं कुंकू

कॅबिनेटचं झाकण निघालं तेव्हा आत एक मदरबोर्ड होता, मेमरीच्या दोन पट्ट्या, एक हार्डडिस्क आणि पंख्याखाली दडलेला प्रोसेसर. शिवाय झेंडूच्या एकवीस वाळक्या पाकळ्या, अक्षतांचे सात दाणे आणि उदबत्तीची अर्धी काडी. सुकन्यानं सगळं वर्तमानपत्रावर वेगवेगळं मांडलं. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत लागलेली सवय होती ती.

“अप्पा, हे काय?”

वीरभद्रप्पांनी चष्मा वर सरकवला. “खंडेनवमीची फुलं. वरच्या जाळीतनं पडली असतील की.”

त्यांच्या वडिलांनी मागाची पूजा केली, त्यांनी कॉम्प्युटरची. सोलापुरी चादरीवर उमटणारी नक्षी ते याच पडद्यावर चौकोन भरून काढत आणि कारखान्याला पाठवत. घर त्यावर चालायचं. पण गेल्या दोन महिन्यांत मशिन हट्टाला पेटलं होतं. मोठी नक्षी जतन करायला घातली की अर्धा तास घ्यायचं आणि मधेच बंद पडायचं. कारखान्याच्या मालकांनी गोड शब्दांतच सांगितलं होतं, की शुक्रवारपर्यंत मोराची नक्षी आली नाही तर हे काम त्यांना दुसरीकडे द्यावं लागेल. नंतरचंही.

त्या दिवशी जेवताना अप्पांनी एका अपार्टमेंटच्या वॉचमनच्या नोकरीची चौकशी केल्याचं सहज सांगितलं. सुकन्यानं अर्धी भाकरी तशीच ताटात ठेवली होती.

तिनं पडद्यावरचे आकडे पाहिले. काम सुरू झालं की प्रोसेसर शंभर टक्के गुंतायचा. दोन कोअरचा जुना प्रोसेसर. तो अपुरा पडतोय, हे उघड होतं. नवं मशिन घेणं परवडणारं नव्हतं. त्याच मदरबोर्डवर बसणारा चार कोअरचा प्रोसेसर मात्र वापरलेला मिळू शकत होता. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे तिनं काढले. अप्पांना प्रवेश पुढच्या वर्षी घेईन म्हणाली आणि विषय बदलला.

नवी पेठेतल्या गल्लीत सोमेशचं दुकान होतं. कॉलेजात तो तिच्याच वर्गात होता. त्यानं प्रोसेसर चाचणीच्या बोर्डवर बसवून चार कोअर दाखवले.

“वरची अक्षरं घासून गेलीत, पण माल खरा आहे. आठ दिवसांत परत आणलास तर पैसे परत. आणि जुना स्वच्छ करून आण शास्त्रज्ञ बाई, त्याचेही काहीतरी देईन.”

म्हणून आता तिनं जुन्या प्रोसेसरवरची, उष्णता वर पोचवणारी पण आता दगडासारखी वाळलेली पेस्ट खरवडली आणि स्पिरिटनं पुसून काढली. पेस्टबरोबर त्याचीही अक्षरं गेली. नवा डबीतून काढून ती बसवणार, तेवढ्यात अप्पा ताट घेऊन आले.

“थांब. आधी कुंकू. दे हिकडं दोन्ही.”

“जुना कशाला?”

“असू दे की ताटात. नऊ वर्षं घर चालवलंय त्यानं.”

ती हसली. दोन्ही ताटात ठेवून ती पंखा आणि त्याखालची, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी ॲल्युमिनियमची जाळी घेऊन मोरीकडे गेली. जाळीच्या फटींत पाकळ्यांचा आणि धुळीचा नमदा बसला होता. जुन्या टूथब्रशनं तिनं तो एकेका फटीतून काढला. परत आली तेव्हा ताटातल्या एका प्रोसेसरवर कुंकवाचं बोट होतं, दुसरा कोरा होता.

“झाली पूजा?”

“झाली. ज्याचा मान होता त्याला दिला.”

सुकन्यानं कुंकू स्पिरिटनं पुसलं, प्रोसेसर जागेवर बसवला, ताजी पेस्ट लावली, वर पंखा घट्ट केला. कोरा उरलेला डबीत घातला.

मशिन सुरू झालं. अप्पांनी मोराची नक्षी उघडली आणि जतन करायला घातली. दोघंही खुर्च्यांच्या कडेला बसून होती. पंख्याचा आवाज पूर्वीसारखा किंचाळत नव्हता. चार मिनिटांच्या आत काम झालं.

अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला, आणि पुन्हा काढून पुसला. सुकन्याला किती दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

“अप्पा, उठा जरा. पडद्यावर प्रोसेसरचं नाव आलंय का तेवढं बघते.”

“नाव काय बघतीस? काम बघ की.”

ते उठले नाहीत. शुक्रवारपर्यंत त्यांनी ती खुर्ची जेवणापुरती आणि झोपेपुरती सोडली. मोर वेळेत गेला. मालकांनी दिवाळीच्या चादरींच्या सहा नक्ष्या त्यांच्याकडेच दिल्या. त्या संध्याकाळी अप्पांनी जेवताना दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली आणि वॉचमनच्या नोकरीला नकार कळवल्याचं सांगितलं.

शनिवारी सुकन्या डबी घेऊन नवी पेठेत गेली. सोमेश गिऱ्हाईकात होता. तिनं त्याला चार मिनिटांचं सांगितलं, तेव्हा तो खूश झाला. माझा माल म्हणजे काय समजलीस, म्हणाला.

“आता या जुन्याचे काय देतोस?”

“तपासल्याशिवाय कुणाचंच घेत नाही. तुझंसुद्धा.”

त्यानं डबीतला प्रोसेसर काढला, चाचणीच्या बोर्डवर बसवला आणि बटण दाबलं. पडदा काळा राहिला, मग उजळला. दोघं वाकून बघू लागले.

कोअर : चार.