नऊ नंबरचा उशीर

"सातव्यांदा आलाय हा अर्ज, जयमालाबाई." साहेबरावांनी कागद न वाचताच टेबलावरून परत सरकवला. "उत्तर तेच. खाणीच्या वस्तीवर बस जाणार न्हाई."

"बारा पोरं आहेत साहेब, सगळी आपल्याच शाळेची. हायवेच्या कडेनं चालत येतात. परवा मिनलला ट्रेलर घासून गेला. दुसरीतली पोरगी, दंड सोलून निघाला तिचा."

"आरटीईची ना ती? फुकट शिकवतोय, आता फुकट फिरवूबी? आणि सांगून ठेवा, यादीबाहेरचं एक जरी पोर गाडीत दिसलं तर ड्रायव्हर त्याच दिवशी घरी."

साहेबराव शाळेचे अध्यक्ष. मोशीतली वडिलोपार्जित जमीन विकून शाळा काढली आणि तेव्हापासून माणसाचं ऐकणं सोडून दिलं. जयमाला वाहतूक विभागाची प्रमुख. बसमधली मावशी म्हणून लागली होती, पंधरा वर्षांत बावीस गाड्या सांभाळायला लागली. एवढं करून तिच्या शब्दाला किंमत किती, तर रद्दीएवढी.

त्याच आठवड्यात साहेबरावांनी नवं खूळ आणलं. गाड्यांचे मार्ग आता एआय ठरवणार. जयदीप नावाचा कंपनीचा इंजिनिअर आला, बावीस गाड्यांत काडेपेटीएवढे डबे बसवले आणि ड्रायव्हर, मावश्या, सगळ्यांना हॉलमध्ये बसवून शिकवणी घेतली.

"तीन महिने सिस्टिम फक्त बघणार. गाडी कुठं थांबते, किती वेळ थांबते. त्यावरून शिकेल आणि मग थांबे, वेळा, सगळं तीच सांगेल."

"आणि पोरं कोण मोजणार, तुझा डबा?" जयमालानं खोचक विचारलं.

"वेळेवरून अंदाज येतो ना मॅडम. एका मुलाला चढायला वीस सेकंद."

"हल्लीचं दप्तर उचलून बघितलंस का कधी? वीस सेकंदात ते खांद्यावर पण चढत नाही."

ड्रायव्हर खो खो हसले. जयदीपही हसला. साहेबराव तेवढे हसले नाहीत.

"बाई, खुर्ची जाणार म्हणून पोटात दुखतंय तुमच्या," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "पंधरा वर्षं तुमच्या मर्जीनं गाड्या पळाल्या. आता ते दिवस संपले."

जयमालानं मान खाली घातली.

त्यानंतर ती यंत्राच्या हात धुवून मागेच लागली. दर मीटिंगला तोच सूर. मशीनला रस्ता काय कळतो, चाकणची शिफ्ट सुटल्यावर काय होतं ते मशीनला कोण सांगणार. ती जितकी विरोधात बोलायची, तितका साहेबरावांचा यंत्रावर जीव जडायचा. काही माणसांना आपलं मत नसतंच, समोरच्याच्या उलट बोललं की झालं त्यांचं मत.

त्यात नऊ नंबरची गाडी उशीर करायला लागली. रोज चार मिनिटं. गाडीवर गेनबा, कुरुळीचा, विभागातला सगळ्यात जुना ड्रायव्हर. जयमालानं त्याला मेमो दिला. मग दुसरा. तिसरा द्यायला साहेबरावांच्या समोरच बोलावलं.

"उशीर का होतो, गेनबाकाका?"

"ट्रेलर आडवं असत्यात."

"रोज?"

"रोजच असत्यात की. मी काय करू."

त्यानं मुकाट्यानं सही केली. अजून एक मेमो, की नोकरी गेली असती. साठीच्या उंबऱ्यावरचा माणूस, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"डबा कामाला लागू दे," साहेबराव खूश होऊन म्हणाले. "मग असली माणसं दिसणारबी न्हाईत."

खाणीची पोरं तशीच चालत होती. जयमालाला स्कूटीवरून येताना ती रोज दिसायची. एकामागं एक, पांढऱ्या पट्टीच्या आत, कंटेनरच्या वाऱ्यानं डोळे मिटून घेत. मिनल सगळ्यात मागं. जयमाला थांबायची नाही.

तीन महिने भरले. शनिवारी पालकसभा ठेवली. दोनशे पालक, मोठा पडदा, आणि त्यावर साहेबरावांनी मुद्दाम लिहून घेतलेली ओळ: 'आता माणसाची मर्जी नाही, यंत्राचा न्याय.'

जयदीप एकेक मार्ग दाखवत गेला. टाळ्या पडत गेल्या. मग नऊ नंबर आला.

थांबा, खाणीची वस्ती. विद्यार्थी, अंदाजे बारा. यादीत नोंद नाही. कायमचा थांबा करावा.

साहेबरावांच्या हातातला माइक खाली आला.

"सिस्टिमनं स्वतः शोधून काढलंय सर," जयदीप अभिमानानं म्हणाला. "माणसांना न दिसलेली गरज."

जयमाला ताडकन उठली. "मशीन चुकलंय साहेब. तिथं आपला थांबाच नाही. हे नाव आत्ताच्या आत्ता काढा. मी म्हणत होते ना, याच्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून एक पालक म्हणाला, "इथं चुकत असंल, तर आमच्या पोरांचं तरी याच्यावर कसं सोडायचं?"

दोनशे डोकी साहेबरावांकडं वळली. त्यांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा जयमालाकडं. माइक वर उचलला.

"मशीन चुकत न्हाई. माणसं चुकतात. ह्या बाईंसारखी." त्यांनी जयदीपच्या हातातला कागद ओढला आणि सगळ्यांसमोर सही ठोकली. "सोमवारपासून थांबा सुरू."

टाळ्यांनी हॉल दणाणला. जयमाला मान खाली घालून बाहेर पडली.

मैदानात गेनबा नऊ नंबरची काच पुसत होता.

"झाली सही?"

"झाली."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. डोळे भरून आले, तसे ते त्यानं बाहीनं पुसले. "मंग सोमवारी कसं करायचं, ताई?"

"रोजच्यासारखंच, काका. वस्तीवर गाडी लावायची, दार उघडायचं, चार मिनिटं थांबायचं. फक्त, आता पोरांना आत घ्यायचं."