संध्याकाळचे बटाटे

दिवसभर ट्रकांची वजनं करणारा माणूस स्वतःच्याच वजनात अडकला. नशीबही कशी खोडी काढतं बघा! डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, "आठ किलो उतरवा, तरच तुमची किडनी बहिणीला बसवता येईल."

दिवस कसाबसा निघायचा. वजनकाट्यावर बसून तो काकडी चावायचा आणि ड्रायव्हरांचे टोमणे गिळायचा. "काय काटेवाले, तुमचा माल कधी उतरणार?"

पण संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, की लोण्यात परतलेल्या बटाट्यांचा वास यायचा आणि गडी जागीच गारद. डायलिसिसवर असलेली ताई, जिला स्वतःला बटाट्याची फोडसुद्धा चालत नव्हती, ओट्याला धरून उलथनं हलवत उभी असायची.

"एखादा खा रे. एकानं काय होतंय?"

एकाचे दहा व्हायचे. महिनाभरात वजन उतरायचं सोडून दोन किलो चढलं. बाहेर जेवावं तर ताई ताटकळत बसायची, घरी यावं तर बटाटे. पळणार कुठे?

आज मात्र त्यानं बशी जोरात ढकलली. "पुरे झालं, ताई! मुद्दाम करतेस का? माझ्या या मेल्या जिभेपायी तू जीवानिशी जाशील, कळतंय का तुला?"

ताईनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि बशी हळूच पुन्हा त्याच्यापुढे सरकवली.

"तुझ्या जिभेवरच तर माझी सगळी भिस्त आहे, बाळा. जाडा राहा, पण आख्खा राहा."