जागेवरची सळई

"हात लावायचा नाही," नपारी म्हणाला.

त्याची बायको सनातू दारासमोरच्या लोखंडी सळईकडे बघत होती. ती मोजणीच्या जीफाबाईंनी सकाळीच ठोकवून घेतली होती. बाईंनी तिपाईवरच्या दुर्बिणीतून नदीचा काठ बराच वेळ न्याहाळला, मग रस्त्याच्या अंगाला पुष्कळ अलीकडे सरून एकेका छपरापुढे खूण केली. सळईपासून नदीपर्यंत जे असेल ते दुपारी यंत्र पाडणार होते. अक्रा शहरातल्या या भंगारबाजारात नपारीचे जे काही होते ते सारे त्यात येत होते: संगणक फोडण्याचा ओटा, तांब्याच्या तारांची पोती आणि मागचे बिऱ्हाड.

"सळया आहेत तिथेच राहू द्या," एवढे बजावून बाई जीपमध्ये बसल्या. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

धूळ बसण्यापूर्वीच शेजारच्या फुसेनीने आपली सळई उपटली आणि छपरामागे नदीच्या बाजूला नेऊन रोवली. पाठोपाठ साऱ्या रांगेने तेच केले. इथली पोरे दोरीला चुंबक बांधून चिखलातला खिळासुद्धा वेचत. सबंध सळईची काय कथा.

"काय अल्हाजी," फुसेनी म्हणाला. मक्का न पाहिलेल्या नपारीला तो चिडवायला असेच म्हणे. "आपल्यातला माणूस लोखंड जमिनीत सोडायला लागला? आजोबा कबरीत कूस बदलतील."

"बाई परत येतील. एकट्या माझी सळई जागेवर दिसेल. मग मागच्या खोलीपुरती मुदत मागायला मला तोंड राहील. चोराला कोण मुदत देतं?"

"तोंड राहील," सनातू म्हणाली. "छप्पर?"

यंत्र आले. बाई आल्या नव्हत्या.

"जरा थांबा, दादा," नपारीने चालकाला विनवले. "मॅडमना येऊ द्या."

"त्या मागून येतायत. सळईपर्यंत पाडायचं, एवढंच मला सांगितलंय."

फुसेनीच्या छपराला वळसा घालून यंत्र दारासमोर उभे राहिले. "अजून उपट, बाबा," फुसेनी कुजबुजला. त्याचा आवाज आता चेष्टेचा नव्हता.

नपारीचा हात सळईपर्यंत गेला. क्षणभर तिथेच राहिला. मग नपारी बाजूला झाला.

सनातूने गादी आणि किटली तेवढी बाहेर काढली. पत्रे कागदासारखे चुरगळले.

जीप आली तेव्हा धूळ उडतच होती. बाईंनी छपरांमागून रांगेने गेलेल्या सळया पाहिल्या आणि समाधानाने मान हलवली. मग त्यांची नजर रांगेतल्या रिकाम्या जागेवर अडली.

नपारीने त्यांना आपल्या सळईपाशी नेले. "मॅडम, मी हिला हात लावलेला नाही. सगळ्यांना विचारा."

बाई खाली बसल्या. सळईच्या बुडाची माती त्यांनी बोटाने चाचपली.

"खरी रेघ तुमच्या मागच्या भिंतीपलीकडे होती," त्या म्हणाल्या. "लोक सळया मागे नेतातच, म्हणून मी त्या नेहमी पुढे ठोकते."