होर्डिंगवरची आजी

मोबाइल आले आणि अप्पांच्या फोटो स्टुडिओला उतरती कळा लागली. "कॅमेरा गळ्यात अडकवून किती दिवस माश्या मारणार?" असं मुलगा येताजाता सुनावायचा. शेवटी अप्पांनी शटर ओढलं ते कायमचंच.

मग एक काम आपणहून चालून आलं. जाहिरातवाल्यांना खिडकीच्या उजेडात हसणारी आजी हवी होती आणि त्यांच्या माणसाला ते हसू काही केल्या साधत नव्हतं. अप्पांनी कॅमेरा लावला, आजींना हळूच सुनेच्या स्वयंपाकाबद्दल विचारलं, आजी खुदकन हसल्या आणि अप्पांनी बटण दाबलं.

"फोटो तुम्ही काढलाय हे कुठे बोलायचं नाही हं, अप्पा," निघताना जाहिरातवाला म्हणाला. अप्पांनी शब्द दिला.

महिन्याभराने चौकात भलंमोठं होर्डिंग लागलं. त्याच आजी, तेच हसू, आणि खाली ठळक अक्षरं: 'आमच्या नव्या फोनने काढलेला फोटो'. अप्पांना मागे बसवून चाललेल्या मुलाने मुद्दाम स्कूटर थांबवली.



"बघा अप्पा, नीट बघा. असा एक तरी फोटो जन्मात काढलात का तुम्ही?"