फळ्यापुढची रांग

टॉल, टॉलर, टॉलेस्ट शिकवायला बाई दरवर्षी तीन मुलांना उंचीप्रमाणे फळ्यापुढे उभं करत. गेल्या वर्षी शाळेत दोघीच उरल्या, तेव्हा टॉलेस्ट म्हणून बाई स्वतः उभ्या राहिल्या.

यंदा पटावर एकटी चैताली. बाईंनी तिला शेजारी घेतलं आणि तिसऱ्या जागी झेंड्याची काठी टेकवून ठेवली.

"बाई, आज मी पण टॉलर!" चैतालीनं टाच आपटून दाखवली. पायात नवे काळे बूट होते.

"बूट कुणी आणले गं?"

"आईनं. म्हणाली, आत्तापासून सवय कर. सोमवारपासून मी इंग्लिश शाळेच्या बसनं जाणार."

बाईंनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि खाली बसल्या. शाळा सुटेपर्यंत त्यांनी चैतालीला बुटाची नाडी बांधायला शिकवली.